‘साहसी खाद्य’ नको, ‘खाऊन तं पाह्य’ लिहा

प्रश्न आलाय नागपुरातल्याच एका ताईंचा, प्रतापनगरकडच्या. त्यांची आठ जणींची भिशी आहे आणि वर्षभरापासून दर महिन्याला जिच्याकडे भिशी ती एका देशाचं जेवण घरीच रांधते, म्हणजे थाई झालं, मेक्सिकन झालं, जपानी झालं, आता या शनिवारी ताईंकडे कोरियन आहे आणि या वेळी शेजारपाजारच्या सगळ्यांनाच चवीला बोलवायचं ठरलंय. त्यासाठी दारावर लावायला त्या पाटी करून राहिल्या आहेत आणि त्यांना ‘अ‍ॅडव्हेंचरस फूड’ला मराठी शब्द हवाय. मुलीनं मोबाइलवरून ‘साहसी खाद्य’ काढून दिलं, ते मनाला पटत नाही पण का पटत नाही ते सांगताही येत नाही, असं त्यांनी लिहिलंय.

ताई, तुमचा कान बरोबर सांगतोय. एक तर ‘खाद्य’ हा शब्द एकटा आला की मराठी माणसाला पशुखाद्य, कोंबडीखाद्य, माशांचं खाद्य असलंच काहीतरी आठवतं. खाद्यतेल, खाद्यपदार्थ, खाद्यसंस्कृती असं जोडून आलं की खटकत नाही, पण ‘या, आमच्याकडे खाद्य आहे’ असं कोणी पाहुण्याला म्हणत नाही. आणि दुसरं म्हणजे साहस. हा शब्द मुळात फार वेगळ्या वस्तीतला आहे, मनुस्मृतीत कोर्टकचेरीची जी 18 प्रकरणं मोजलीत त्यात साहस हे एक प्रकरण आहे, तिथे त्याचा अर्थ बळजबरी, दांडगाई, सरळ गुन्हा. मराठीत येईपर्यंत तो चांगल्या अर्थाकडे वळला खरा, पण अजूनही साहस म्हटलं की जिवावर बेतण्याची छाया त्यात असतेच. शिवाय साहस माणूस करतो, भात करत नाही, त्यामुळे ते पदार्थाला चिकटवलं की वाक्य लंगडतं.

मग बाकीचे शब्द? खवय्या चांगला शब्द आहे पण खवय्या आवडीचंच खातो, नवं खाईलच असं नाही, सावजीचा खवय्या तीस वर्षं एकाच भोजनालयात एकाच बाकावर बसून तोच रस्सा खाऊ शकतो आणि तरी तो पक्का खवय्या. खादाडला प्रमाणाशी मतलब. चोखंदळ तर हल्ली सगळीकडे चुकीच्या ठिकाणी घालून राहिले लोक, चोखंदळ म्हणजे निवडून पारखून घेणारा, दहातले नऊ बाजूला सारणारा, तुम्हाला नेमका त्याच्या उलट माणूस दाखवायचाय. ‘अरबटचरबट’ मात्र माझ्या फार आवडीचा शब्द, पण तो आईनं मुलांना रागवतानाचा आहे, पाटीवर नाही चालणार.

तुम्ही लिहिलंय की सुशीवरचं ते काळं शेवाळ बघून सासूबाई ‘काय हे अघोरी’ म्हणाल्या. या शब्दाची गंमत बघा, अघोर म्हणजे अ-घोर, जे घोर नाही ते, भीतिदायक नाही ते, महादेवाच्या पाच मुखांपैकी एकाचं नावच अघोर आहे. आपण तो फिरवत फिरवत नेमका उलट्या अर्थावर नेऊन ठेवला. सासूबाईंना हे जरूर सांगा, त्यांना महादेवाचं नाव आवडेल.

आता मुद्द्यावर येतो. माझं म्हणणं असं की या गोष्टीसाठी मराठीत विशेषण शोधूच नका, कारण मराठीनं ही गोष्ट विशेषणात ठेवलेलीच नाही, क्रियापदात ठेवलीय, आणि ते क्रियापद तुम्ही दिवसातून वीसदा वापरता. खाऊन पाहणं. करून पाहणं. घालून पाहणं, नेसून पाहणं, विचारून पाहणं. खाणं जिभेचं काम आहे, पाहणं डोळ्यांचं, तरी आपण दोन्ही जोडतो आणि त्यातून तिसराच अर्थ निघतो, की काय होईल ते माहीत नाही पण होऊन जाऊ दे, मग कळेल. ‘अ‍ॅडव्हेंचर’मधलं जे काही तुम्हाला पाटीवर आणायचंय ते सगळं या ‘पाहणं’मध्ये आहे, आणि वर कोणाला भीती वाटत नाही.

माझी आई भाजी शिजत आली की चमच्यानं रस्स्याचा एक थेंब माझ्या तळहातावर टाकायची, अंगठ्याच्या खाली जो मांसल उंचवटा असतो ना तिथे, आणि म्हणायची मीठ पाह्य. चाख नाही, पाह्य. तो थेंब गरम असायचा, फुंकर मारेपर्यंत मनगटाकडे ओघळायचा, आणि मी जीभ लावून सांगायचो की कमी आहे का बरोबर. तेव्हा कधी डोक्यात आलं नाही की मीठ विरघळून गेल्यावर ते दिसणार कसं. मराठीत मीठ जिभेनं पाहता येतं, ताप हातानं पाहता येतो, नाडी बोटांनी पाहता येते, म्हणजे पाहणं हे आपल्याकडे डोळ्यापुरतं कधी नव्हतंच, एखादी गोष्ट स्वतः अनुभवून खात्री करून घेणं म्हणजे पाहणं.

यात एक बारीक फरक आहे तो इथेच सांगून टाकतो कारण पाटीवर चूक झाली तर अर्थ बदलेल. ‘खाऊन पाहतो’ आणि ‘खाऊ पाहतो’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. ‘तो किमची (कोरियातली ती आंबवलेली पत्ताकोबी) खाऊ पाहतो’ म्हणजे खायचा प्रयत्न चालू आहे, पोटात गेली का नाही माहीत नाही, जसं ‘तो मला फसवू पाहतो’, फसवलंच असं नाही. ‘तो किमची खाऊन पाहतो’ म्हणजे किमची पोटात गेलेली आहे, आता फक्त कशी लागली तेवढंच समजायचं बाकी. एका न चा खेळ आहे पण पहिल्यात माणूस उंबऱ्याबाहेर उभा आहे आणि दुसऱ्यात आत येऊन बसलाय.

आणि जे मला खरं म्हणजे तुम्हाला सगळ्यात आधी सांगायचं होतं ते हे. तुमच्या भिशीनं मागे जपानी रांधलं आणि आता कोरियन रांधून राहिले, तर जपानीत ‘खाऊन बघ’ला म्हणतात ‘ताबेते मिते’, त्यात ताबेरु म्हणजे खाणं आणि मिरु म्हणजे पाहणं. कोरियनमध्ये ‘मॉगॉ बोदा’, मॉक्ता म्हणजे खाणं आणि बोदा म्हणजे पाहणं. हुबेहूब आपलं! तमिळमध्ये ‘साप्पिट्टु पार्’, कन्नडात ‘तिंदु नोडु’, हिंदीत ‘खाकर देखो’, सगळीकडे खाणं आधी आणि पाहणं मागून. मराठीचं जपानी-कोरियनशी घराण्याचं काही नातं नाही, तरी त्या दोन्ही ठिकाणची बाई पाहुण्यापुढे ताटली सरकवून जे म्हणते ते शब्दाला शब्द ठेवून मराठीत येतं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्री उशिरा बहिणीला फोन करून सांगितलं होतं, इतका आनंद झाला होता. आणि जपानी खाण्याचं निघालंच आहे तर एक अजून, रामेनच्या शेवया सुर्रकन आवाज करत खाणं तिकडे वाईट समजत नाहीत, त्यासाठी आपल्याकडे भुरकणं हा शब्द तयारच आहे, कढी-गोळाभातावर वाढलेला, तिथे ‘स्लर्प’ लिहायची गरज नाही.

किमचीबद्दल तुम्ही विचारलं नाही पण शब्दाचा प्रश्न तिथेही येणार आहे. शेजारच्या काकू बरणी उघडली की म्हणतील, हे आंबलं आहे. तेव्हा त्यांना सांगायचं की आंबलेलं नाही, आंबवलेलं आहे. आंबणं आपोआप होतं, कालची भाजी बाहेर राहिली की ती आंबते आणि आपण फेकतो. आंबवणं कोणीतरी जाणून करतं, त्यात मिठाचं माप असतं, दिवसांचं गणित असतं, वासावर लक्ष असतं. एका ‘व’मध्ये सगळी कला आली. आणि ज्यांना वासाचा त्रास होईल त्यांना फक्त कुरडयांची आठवण करून द्या, तीन दिवस गहू पाण्यात भिजवून ठेवतो आपण, रोज पाणी बदलतो, तिसऱ्या दिवशी भांड्यावरचं झाकण काढलं की जो आंबूस उग्र वास येतो तो सगळ्या घरभर जातो, आणि त्याच गव्हाचा गरम चीक वाटीत घेऊन मीठ नाहीतर साखर टाकून लहानपणी आपण भांडून भांडून खाल्लाय. कोरियात हिवाळ्याआधी घरच्या आणि शेजारच्या सगळ्या मिळून ढिगानं किमची घालतात त्याला किमजांग म्हणतात, 2013 मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीतही ते गेलं. माझ्या डोळ्यांपुढे तर गच्चीवर साड्या अंथरून कुरडया घालणाऱ्या बायाच आल्या, आपण उन्हाळा आला की करतो आणि ते थंडीच्या तोंडावर करतात एवढाच फरक.

पदार्थांच्या नावांचं मात्र भाषांतर अजिबात करू नका. किमची किमचीच, टाको टाकोच, ‘कोरियन पत्ताकोबीचं लोणचं’ असं लिहिलं की ज्याला किमची माहीत आहे त्याला कळत नाही आणि ज्याला माहीत नाही तो लोणचं समजून तेल शोधतो. उमामी, म्हणजे मुरलेल्या रस्स्यात जाणवते ती भरीव चव, हा शब्दही तसाच राहू द्या, इकेदा नावाच्या जपानी शास्त्रज्ञानं 1908 मध्ये कोंबू शेवाळाच्या पाण्यातून ती चव ओळखून नाव दिलं, आपल्या षड्रसात तिला घर नाही. भाषा बाटेल ही काळजी करू नका, पाव आणि बटाटा पोर्तुगिजांकडून शब्दासकट आले, अननस आणि काजूही तसेच, आज त्यांना कोणी परके म्हणत नाही (आपण नागपूरवाले बटाट्याला आलू म्हणतो ती गोष्ट वेगळी). आणि आपली एकादशीची साबुदाण्याची उसळ, पुण्याकडे जिला खिचडी म्हणतात, ती घ्या. साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो दक्षिण अमेरिकेतला, आलू तिकडचा, फल्लीदाणे तिकडचे, हिरवी मिरचीही अमेरिका खंडातूनच आलेली. उपवासाला, देवाच्या दिवशी, सोवळ्यातल्या आजीनं आपल्याला जे वाढलं ते जवळपास सगळं समुद्रापलीकडचं होतं. कोणीतरी पहिल्यांदा ते खाऊन पाहिलं असणार, त्याशिवाय ते देवघरापर्यंत पोचलं नसतं. म्हणून मला तुमची भिशी नवीन काही करून राहिली असं वाटत नाही, आपण जे नेहमीच करत आलो तेच वाटतं.

तुमचा एक छोटा प्रश्न राहिला, ‘होम कुक’ला काय म्हणायचं. स्वयंपाक शब्दातच ‘स्वतः शिजवणं’ आहे, पण स्वयंपाकी म्हटलं की आता पगारी माणूस डोळ्यापुढे येतो, तेव्हा ते नको. हौशी म्हणा. अरबी ‘हवस’ मराठीत येऊन हौस झाली आणि इतकी गोड झाली की हौशी नाटकमंडळी, हौशी गायक, सगळ्यांना ती शोभते. ‘आठ हौशी रांधणाऱ्या’ असं खाली बारीक अक्षरात लिहा. रांधणं हा आपल्या भागातला रोजचा शब्द आहे, तो पाटीवर दिसला तर मला फार बरं वाटेल.

तर पाटी अशी करा, वर मोठ्या अक्षरात ‘खाऊन तं पाह्य!’ आणि खाली ‘कोरियाचं जेवण, शनिवारी संध्याकाळी’. वऱ्हाडी लिहायला संकोच वाटत असेल तर ‘खाऊन तर पाहा’ लिहा, पण नागपुरात दारावर लावायचंय, बाहेरून येणारे तुमचेच लोक आहेत, मी तुमच्या जागी असतो तर पहिलंच लिहिलं असतं. ‘पाहा’ का ‘पहा’ यावरून कोणी अडवलं तर घाबरू नका, शुद्धलेखनाच्या नियमांत आज्ञार्थी दोन्ही चालतात, पाहणे मात्र पाहणेच लिहायचं, पहाणे नाही. पेपरमध्ये बातमी द्यायची असेल आणि तिथे विशेषणच पाहिजे असेल तर ‘प्रयोगशील’ घाला, प्रायोगिक रंगभूमीमुळे तो शब्द लोकांच्या कानावरून गेलेला आहे, पण तो बातमीतच ठेवा, दारावर नको.

आणि ताई, किमची कालच घातली म्हणताय आणि बरणी ओट्यावर आहे, तर आपल्याकडच्या या उन्हात ती कोरियातल्यासारखी सावकाश आंबणार नाही, आज रात्रीच झाकण एकदा सैल करून आत साचलेला गॅस जाऊ द्या, चव पाहा, आणि आंबटपणा आला असेल तर लगेच फ्रीजमध्ये ठेवा.