वाचक विचारतात : गेमसाठी बायोसमध्ये हात घालू का?

ऑनलाइन गेममधली चीटिंग पकडणाऱ्या सॉफ्टवेअरवर, म्हणजे अ‍ॅण्टी-चीटवर, मागच्या अंकात चार ओळी काय लिहिल्या, पत्रांचा ढीग लागला. त्यातली निवडक घेते. ज्यांनी 'अमुक खेळाडू चीटर आहे, त्याला बॅन करा' असं लिहिलंय त्यांनी रागावू नये. बरीच वर्षं स्पर्धांमध्ये अ‍ॅडमिन म्हणून बसले असले तरी तुमच्या गेमच्या सर्व्हरची चावी माझ्याकडे नाही.

प्रश्न : ताई, नमस्कार. माझा मुलगा अकरावीत आहे. तो मित्रांबरोबर जो गेम खेळतो, तो आता 'सिक्युअर बूट' आणि 'टीपीएम' चालू करा म्हणतोय. शिवाय कम्प्युटर सुरू झाल्याबरोबर चालणारं काहीतरी बसवायचं आहे म्हणे. याच कम्प्युटरवर मी लोकांच्या जमाखर्चाचं काम करते. मुलगा म्हणतो, 'आई, सगळ्यांनी केलंय.' करू का?

उत्तर : मुलगा खोटं बोलत नाहीये. पण सगळ्यांच्या कम्प्युटरवर दुसऱ्यांचे हिशेब नसतात.

सिक्युअर बूट आणि टीपीएम ही मुळात गेमवाल्यांची भानगड नाही. विंडोज सुरू होण्याआधी मध्येच कुणी घुसलेलं नाही ना, हे सिक्युअर बूट बघतं. टीपीएम किल्ल्या सांभाळतं आणि मशीन सुरू होताना काय काय चालू झालं याची नोंद ठेवतं. २०२१ मध्ये विंडोज ११ आलं तेव्हा टीपीएम २.० ची अट मायक्रोसॉफ्टनेच घातली. दोन्ही चालू असलेली बरी.

ती चालू करायची बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये. चालू करताना मात्र घाई नको. विंडोजच्या सर्चमध्ये 'सिस्टिम इन्फर्मेशन' शोधून उघडा आणि 'बायोस मोड'पुढे काय लिहिलंय ते वाचा. 'यूईएफआय' असेल तर ठीक. 'लेगसी' असेल तर तिथेच थांबा. तुमची डिस्क बहुधा जुन्या एमबीआर पद्धतीने विभागलेली आहे, आणि बायोसमध्ये जाऊन नुसता मोड बदललात तर विंडोज उघडायचंच नाही. आधी डिस्क नव्या जीपीटी पद्धतीत बदलावी लागते. ते बॅकअप घेऊन जाणत्या माणसाकडून करून घ्या. आणि डिस्कला कुलूप घालणारं विंडोजचं बिटलॉकर चालू असेल तर त्याची ४८ आकड्यांची रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. बायोसमधलं काही बदललं की विंडोज ती मागू शकतं. की नसेल, तर लोकांचे हिशेब कुलूपबंद!

आता ते 'सुरू झाल्याबरोबर चालणारं'. तो अ‍ॅण्टी-चीटचा कर्नल ड्रायव्हर असतो. ब्राउझर, गेम, तुमचं हिशेबाचं सॉफ्टवेअर ही मंडळी विंडोजच्या परवानगीने वावरतात. कर्नल म्हणजे ती परवानगी देणारा गाभा. पूर्वी चीटही (गेममध्ये लबाडी करून देणारे प्रोग्रॅम) साध्या प्रोग्रॅमसारखी चालायची आणि तशीच पकडलीही जायची. मग चीट बनवणारे कर्नलमध्ये उतरले, तेव्हा पकडणाऱ्यांनाही उतरावं लागलं. बॅटलआय आणि इझी अ‍ॅण्टी-चीट या पकडणाऱ्या सॉफ्टवेअरचे ड्रायव्हर साधारणपणे गेम उघडला की जागे होतात. रायट कंपनीने २०२० मध्ये व्हॅलोरंट या गेमबरोबर आणलेलं व्हॅनगार्ड हे अ‍ॅण्टी-चीट मशीन सुरू होतानाच हजर असतं. २०२४ मध्ये त्यांनी ते लीग ऑफ लेजंड्सलाही लावलं. आधीपासून हजर राहायचं कारण सरळ आहे. चीट आधी येऊन लपून बसलं, तर मागून आलेल्याला ते दाखवेल तेवढंच दिसतं.

कंपनी तुमच्या वह्या चाळत बसेल, ही भीती मला फारशी वाटत नाही. मला धास्ती आहे ती ड्रायव्हरमधल्या चुकांची आणि आतल्या माणसांची. गेन्शिन इम्पॅक्ट या गेमच्या अ‍ॅण्टी-चीट ड्रायव्हरमध्ये अशीच त्रुटी होती. खंडणी मागणाऱ्या टोळीने तो ड्रायव्हर आपल्याबरोबर आणून बळीच्या मशीनवर बसवला आणि त्याच्या जोरावर अँटीव्हायरस बंद पाडला. २०२२ मध्ये ट्रेंड मायक्रो या सुरक्षा कंपनीने हे उघडकीला आणलं. ड्रायव्हरवरची डिजिटल सही अस्सल होती, म्हणून विंडोजने हरकत घेतली नाही. त्या मशीनवर गेम असण्याचीही गरज नव्हती. त्याआधी २०१३ मध्ये ईएसईए या काउंटर-स्ट्राइक लीगच्या अ‍ॅण्टी-चीट क्लायंटमधून खेळाडूंची ग्राफिक्स कार्डं राबवून गुपचूप बिटकॉइन कमावले जात होते. सुमारे १४,००० मशीन त्यात सापडली आणि प्रकरण न्यू जर्सी राज्याशी १० लाख डॉलरच्या तडजोडीवर मिटलं.

तुमच्या मनात पुढचा प्रश्न आला असेल : मुलाला विंडोजमध्ये वेगळं अकाउंट काढून दिलं तर? उपयोग नाही. कर्नल दोन्ही अकाउंटच्या खाली असतो. हिशेबाचं काम दुसऱ्या मशीनवर हलवा, जुना लॅपटॉपही चालेल, आणि मग इथे मुलाला खुशाल खेळू द्या. दुसरं मशीन नसेल तर हा गेम बसवू नका. मुलाला माझं नाव सांगा, वाईटपणा मी घेते.

आणि गेम काढून टाकला म्हणजे अ‍ॅण्टी-चीटही गेलं असं धरू नका. प्रोग्रॅमच्या यादीत बऱ्याचदा त्याची वेगळी नोंद असते. तीही काढायची आणि मशीन रीस्टार्ट करायचं.

प्रश्न : भिंतीआड पूर्ण गेल्यावरही मी मरतो. समोरचा वॉलहॅक (भिंतीआडचं दाखवणारं चीट) लावून खेळतोय हे शेंबडं पोरही सांगेल. रिपोर्ट केला तरी तो दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर! अ‍ॅण्टी-चीट झोपा काढतं का?

उत्तर : 'भिंतीआड गेल्यावर' मेलात की 'भिंतीआड असताना'? तुमच्या पत्रात पहिलं लिहिलंय, आणि ते बहुतेक वेळा लॅगचं काम असतं. तुम्ही आडोशाला गेलात ही बातमी तुमच्याकडून सर्व्हरला आणि सर्व्हरकडून त्याच्या पडद्यावर पोचेपर्यंत सेकंदाचा दहावा हिस्सा सहज जातो. तेवढा वेळ त्याला तुम्ही उघड्यावर दिसता. त्याने गोळी झाडली की सर्व्हर थोडा मागे जाऊन बघतो : त्याच्या पडद्यावर तेव्हा काय होतं? नेम बरोबर असेल तर गोळी लागली. नेमबाजीच्या बहुतेक गेममध्ये हा फायदा मारणाऱ्याला दिला जातो. मरणाऱ्याला दिला असता तर दिसलेल्या माणसावर मारूनही गोळी फुकट जाते अशी पत्रं मला आली असती.

तरीही संशय असेल तर रिप्ले उघडा आणि त्याच्या नजरेतून बघा. मेलात ती जागा सोडून द्या. नवशिके तेवढीच बघतात आणि तिथे सगळेच चीटर दिसतात. मी दोन्ही संघ एकमेकांपासून लांब असतात तो भाग आधी बघते. प्रामाणिक खेळाडू रिकाम्या कोपऱ्यांवर वेळ घालवतो. दार आलं की नेम डावीकडे, मग उजवीकडे, मग वरच्या गॅलरीवर. तिथे कुणी नाही हे त्याला ठाऊक नसतं. वॉलहॅकवाला रिकाम्या कोपऱ्यांवरून सरळ चालत जातो आणि जिथे खरंच कुणी बसलंय तिथेच पावलं हळू करतो. हुशार असेल तर भिंतीतून नेम फिरवत बसणार नाही, उलट मुद्दाम दुसरीकडे बघेल. पण रिकाम्या जागांना घाबरण्याचं नाटक दहा-पंधरा राउंड सलग करणं भल्याभल्यांना जमत नाही. एका राउंडवरून मात्र काही ठरवू नका. पावलांचा आवाज, मित्राने दिलेली खबर, नुसता अंदाज, काहीही असू शकतं.

वॉलहॅक मुळात शक्य का होतं? तुम्ही कोपऱ्यावरून बाहेर आलात की क्षणात त्याच्या पडद्यावर दिसायला हवेत. म्हणून तुमची जागा त्याच्या मशीनला आधीच कळवलेली असते, फक्त दाखवलेली नसते. रमीच्या डावात सगळ्यांचे पत्ते तुमच्याच खिशात ठेवायला द्यायचे आणि वर म्हणायचं, बघू नका हं! अ‍ॅण्टी-चीट त्या खिशावर नजर ठेवणारा माणूस. त्यापेक्षा पत्ते लागेपर्यंत द्यायचेच नाहीत हा शहाणपणा. व्हॅलोरंटमध्ये तसं बरंचसं करतात : शत्रू दिसण्याच्या बेतात येईपर्यंत सर्व्हर त्याची जागा पाठवतच नाही. हे काम महागडं आहे, सर्व्हरला क्षणाक्षणाला कोण कुणाला दिसू शकतं याचा हिशेब करत बसावं लागतं. पण माझं मत विचाराल तर कंपन्यांनी खेळाडूंच्या कर्नलमध्ये शिरण्याआधी आपल्या सर्व्हरवर हा घाम गाळायला हवा. भिंतीतून पळणं किंवा अचाट वेगाने धावणं तर सर्व्हरला एकट्याला पकडता येतं. एमबॉट, म्हणजे आपोआप नेम धरून देणारं चीट, पकडणं कठीण, कारण त्याने मारलेला नेम माणसालाही मारता आला असताच. तिथे शेकडो नेमांची चाल तपासावी लागते, आणि व्हॉल्व्ह कंपनीने आपल्या काउंटर-स्ट्राइक गेमसाठी व्हॅकनेट हे शिकणारं यंत्र त्याच कामाला लावलं.

कर्नलमध्ये बसूनही सगळं दिसतं असं नाही. आता मशीनमध्ये एक कार्ड खोचून दुसऱ्या कम्प्युटरवरून गेमची मेमरी वाचतात. खेळण्याच्या मशीनवर चीटचा प्रोग्रॅमच नसतो, शोधणार काय?

राहिला दुसऱ्या दिवशी हजर असण्याचा मुद्दा. पकडल्याबरोबर बॅन केलं तर चीट विकणाऱ्याला लगेच कळतं की कालची आवृत्ती उघडी पडली, आणि संध्याकाळपर्यंत तो नवी काढतो. म्हणून नावं साठवतात आणि एका फटक्यात शेकडो-हजारो खाती उडवतात. मधल्या काळात तुमच्यासारखे लोक मार खातात, हे खरं आहे, आणि कंपन्या ते मोकळेपणाने बोलत नाहीत.

प्रश्न : मी काहीही केलेलं नसताना माझं खातं कायमचं बंद झालं. कारण विचारलं तर 'निर्णय अंतिम आहे' एवढंच उत्तर. आता काय करू?

उत्तर : 'काहीही केलेलं नसताना' लिहिणाऱ्यांत खोटारडे पुष्कळ असतात, म्हणून खऱ्याचंही कुणी ऐकत नाही. पण निर्दोष माणसं अडकतात, याचे दाखले आहेत. २०१० च्या जुलैत व्हॉल्व्हच्या व्हॅक या अ‍ॅण्टी-चीटने मॉडर्न वॉरफेअर २ चे सुमारे १२,००० खेळाडू चुकून बॅन केले. स्टीम, म्हणजे व्हॉल्व्हचं गेमचं ऑनलाइन दुकान, गेम अपडेट करत असताना डिस्कवरची एक फाइल आणि मेमरीतली तिची प्रत जुळली नाही, एवढंच झालं होतं. बॅन मागे घेतले, माफी मागितली आणि भरपाई म्हणून लेफ्ट ४ डेड २ हा गेम फुकट दिला. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये एएमडीच्या ग्राफिक्स ड्रायव्हरमधली 'अ‍ॅण्टी-लॅग प्लस' ही सोय चालू ठेवणारे काउंटर-स्ट्राइक २ चे खेळाडू बॅन झाले. ती सोय गेमच्या इंजिनच्या फाइलमध्ये हात घालत होती, चीट घालतं अगदी तसाच. एएमडीला तो ड्रायव्हर मागे घ्यावा लागला.

म्हणून अपिलात शपथा घेऊ नका, शिव्या तर नकोच. बॅनची तारीख-वेळ, ग्राफिक्स ड्रायव्हरची आवृत्ती, त्या वेळी चालू असलेले सगळे प्रोग्रॅम लिहा. माउसचे मॅक्रो, पडद्यावर आकडे दाखवणारे ओव्हरले, काही लपवू नका. खात्यात तुमच्याशिवाय दुसरं कुणी शिरलं होतं का, हे लॉगिनच्या नोंदीत बघा. धाकट्या भावाने तुमच्या खात्यावर 'गंमत' केलेली असते, आणि त्याची जबाबदारी नियमाने तुमचीच. मशीन वापरलेलं घेतलं असेल तर तेही कळवा, कारण काही कंपन्या खात्याबरोबर मशीनच्या सुट्या भागांचे क्रमांकही बॅन करतात.

नेमकं काय सापडलं ते कंपनी सांगत नाही, कारण ते चीटवाल्यांच्याही कानावर जातं. हे कारण मला पटतं. पण आरोपपत्र दाखवायचं नसेल, तर निदान अपील तरी माणसाने वाचावं. ठरावीक साच्यातलं उत्तर आलं तर पुराव्यासह पुन्हा लिहा.

प्रश्न : ताई, 'प्रायव्हेट' चीट विकत घेतलं तर पकडत नाहीत म्हणे. मित्रांमध्ये गंमत म्हणून वापरलं तर?

उत्तर : विकणारा तुला पहिली गोष्ट काय सांगतो ते बघ : 'अँटीव्हायरस बंद कर.' दुसरी : 'अ‍ॅडमिन म्हणून चालव.' म्हणजे नावगाव नसलेल्या माणसाला तू मशीनच्या किल्ल्या देतोस, वर पैसेही देतोस. अ‍ॅण्टी-चीटच्या हेरगिरीवर पानंच्या पानं लिहिणारी काही मंडळी हे खुशाल करतात!

आणि पकडतात. २०१८ मध्ये शांघायच्या एक्स्ट्रीम्सलँड या काउंटर-स्ट्राइक स्पर्धेत ऑप्टिक इंडिया संघातल्या एका खेळाडूच्या मशीनवर चालू सामन्यात चीट सापडलं. फाइलचं नाव होतं 'वर्ड'! संघ बाद झाला, ऑप्टिकने तो संघच मोडला आणि त्या खेळाडूवर पाच वर्षांची बंदी आली. बाकीच्या चौघांनी काय बिघडवलं होतं? मित्रांमध्ये गंमतच करायची असेल तर जे गेम स्वतःचा सर्व्हर चालवू देतात तिथे अ‍ॅण्टी-चीट बंद ठेवून, सगळ्यांना सांगून, काय हवं ते कर.

प्रश्न : मी लिनक्स वापरतो. कुठले गेम चालतील?

उत्तर : इझी अ‍ॅण्टी-चीट आणि बॅटलआय या दोघांनीही २०२१ मध्ये स्टीमच्या प्रोटॉनला (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारी सोय) पाठिंबा दिला, पण तो चालू करायचा की नाही हे प्रत्येक गेमची कंपनी ठरवते. व्हॅलोरंट चालत नाही. एपेक्स लेजंड्स चालायचा, २०२४ च्या ऑक्टोबरअखेर तो बंद केला. लिनक्सवरून चीटिंग जास्त होतं, हे कारण दिलं. आज चाललेला गेम उद्या चालेलच याची हमी नाही, म्हणून फक्त लिनक्सच्या भरवशावर महागडा ऑनलाइन गेम घेऊ नका. त्याच ऑक्टोबरमध्ये स्टीमने कर्नलमध्ये जाणारं अ‍ॅण्टी-चीट गेमच्या पानावर जाहीर करणं बंधनकारक केलं. 'विकत घ्या'च्या बटणाआधी ती ओळ शोधून वाचा.