अमेरिकेत एमएस करताना टीएला (टीचिंग असिस्टंट, म्हणजे प्राध्यापकांना शिकवण्यात मदत करणारा विद्यार्थी) नेमकं काय काम असतं?

लॅब किंवा ट्युटोरियल घेणं, ऑफिस अवर्समध्ये शंका सोडवणं, परीक्षेला सुपरव्हिजन, हे असतंच. पण खरा वेळ खातं ते पेपर तपासणं. पहिल्या मुलाचा जिथे अर्धा मार्क कापला, तिथे शेवटच्याचाही तेवढाच कापायला हवा. म्हणून आधी सगळ्यांचा पहिला प्रश्न तपासा, मगच दुसरा घ्या. मुलांवर अन्याय होत नाही, हे फार महत्त्वाचं.

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही, तेव्हा तास लिहून ठेवा. मार्कांची यादी ग्रुपवर टाकायची आपली सवय मात्र इथेच सोडून जा; विद्यार्थ्यांची शैक्षणिक माहिती खाजगी ठेवणाऱ्या १९७४ च्या फर्पा कायद्यामुळे एकाचे मार्क दुसऱ्याला सांगता येत नाहीत. कॉपी सापडली तर परस्पर शून्य देऊ नका, पुराव्यासकट प्राध्यापकांना कळवा.