'लव्ह'ला यमकं कुठून आणायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंग्रजी गाण्याच्या धृपदाची शेवटची ओळ 'ऑल आय हॅव्ह टु गिव्ह इज लव्ह' अशी पक्की झाली आहे. यमकाच्या साइटवर 'लव्ह' टाकलं तर 'अबव्ह, डव्ह, ग्लव्ह, शव्ह' एवढेच कामाचे शब्द मिळाले. 'मूव्ह' आणि 'प्रूव्ह' आले नाहीत, उलट जुळत नाही असं वाटणारा ओ-एफ स्पेलिंगचा 'ऑफ' आला. साइट चुकते आहे का?

साइट बरोबर आहे. इंग्रजीत पूर्ण यमक स्पेलिंगवर ठरत नाही. शब्दातल्या आघाताच्या, म्हणजे जोर देऊन म्हटल्या जाणाऱ्या, स्वरापासून शेवटपर्यंतचे सगळे उच्चार सारखे हवेत आणि त्या स्वराच्या आधीचं व्यंजन वेगळं हवं. 'मूव्ह'मध्ये स्वर 'ऊ' आहे, 'लव्ह'मध्ये आखूड 'अ'. शेवटची अक्षरं तीच असली तरी हे फक्त डोळ्यांपुरतं यमक. छापील कवितेत 'लव्ह–प्रूव्ह' ही जोडी शतकानुशतकं चालत आली आहे, म्हणून ती ओळखीची वाटते. गाण्यात मात्र कान लगेच अडखळतो. अशा वेळी शब्द देवनागरीत लिहून बघा. लव्ह, मूव्ह, क्लोव्ह, हॅव्ह असं लिहिलं की स्पेलिंगचा बुरखा आपोआप गळून पडतो. आपल्या लिपीचा हा फायदा इंग्रजी लिहिणाऱ्याला नाही.

'ऑफ'चं कारण वेगळं. अमेरिकी उच्चारात तो ठसक्याने म्हटला की 'अव्ह' होतो, म्हणून 'थिंकिंग ऑफ', 'ड्रीमिंग ऑफ' असे ओळीचे शेवट 'लव्ह'शी तंतोतंत जुळतात. ब्रिटिश उच्चारात तो 'ऑव्ह' होतो आणि यमक मोडतं. आपल्याकडे तर बरेच जण सरळ 'ऑफ' म्हणतात, म्हणजे स्वरही गेला आणि व्यंजनही. गायक कुठल्या उच्चाराने गाणार हे आधी ठरवा, मगच हा शब्द वापरा.

मराठीच्या सवयीमुळे आणखी एक घोळ होतो. आपल्याला 'आला–झाला–गेला' यात शेवटचा 'ला' पुन्हा पुन्हा आला तरी गोड वाटतं. इंग्रजीत आघाताच्या स्वराआधीचं व्यंजनही तेच आलं तर ते यमक न वाटता पुनरुक्ती वाटते. 'लीव्ह–बिलीव्ह' ही जोडी सगळे बिनधास्त वापरतात, पण दोन्हीकडे 'ली'च आहे. 'लव्ह–लेडीलव्ह'ही तसंच. 'ग्लव्ह' मात्र चालतो, कारण तिथे सुरुवात 'ग्ल'ने होते.

यादी स्वतः तपासायची असेल तर कार्नेगी मेलन विद्यापीठाचा उच्चारकोश फुकट उतरवून घ्या. सुमारे १,३४,००० शब्दांची साधी मजकुराची फाइल आहे, उच्चार अमेरिकी. 'लव्ह'ची नोंद 'एल, एएच१, व्ही' अशी दिसेल. स्वराच्या चिन्हापुढचा १ म्हणजे मुख्य आघात, २ म्हणजे दुय्यम, ० म्हणजे आघात नाही. ज्या ओळींचा शेवट 'एएच१ व्ही'ने होतो त्या शोधल्या की पूर्ण यमकं समोर येतात: वरचे चार, 'ऑफ', 'देअरऑफ'सारखी त्याची भावंडं, असं मोजकंच. कोशात आडनावंही भरपूर असल्याने थोडी चाळणी करावी लागते. आकडा न टाकता शोधलंत तर आघात नसलेला 'अ'ही आत शिरतो, कारण दोन्हींचं चिन्ह एकच आहे. 'डव्ह'च्या दोन नोंदी आहेत: पक्षी तो 'डव्ह', पण अमेरिकेत 'डाइव्ह'चा भूतकाळ 'डोव्ह' होतो आणि तो 'ड्रोव्ह'शी जुळतो. 'फॉक्सग्लव्ह'मध्ये मुख्य आघात 'फॉक्स'वर असल्याने ओळीच्या शेवटी तो लंगडा पडतो.

म्हणजे पूर्ण यमकांचं दुकान एवढंच. त्यातही 'अबव्ह' आणि 'डव्ह' इतके झिजलेत की ऐकणारा ते तुमच्या आधी म्हणून मोकळा होतो. खरा माल जवळच्या यमकांत आहे. तिथे नियम एकच पाळा: एका वेळी एकच गोष्ट बदला.

पहिल्यांदा स्वर तोच ठेवून 'व्ह'च्या जागी त्याचा जुळा 'फ' घ्या. दोन्हींत ओठ-दात एकाच जागी असतात, फरक फक्त घशातल्या कंपनाचा. इनफ, टफ, रफ, स्टफ, ब्लफ, कफ: रोजच्या बोलण्यातले, अर्थाने भरलेले शब्द. त्यानंतर 'झ'वाले बझ, डझ, फझ. मग ब-ड वर संपणारे क्लब, रब, ब्लड, फ्लड, मड. सर्वांत शेवटी अनुनासिक कम, सम, डन, वन, रन. या क्रमाने साम्य कमी होत जातं. 'रन'पर्यंत आलात की फक्त स्वर उरतो, आणि जलद चालीत तेवढाही पुरतो.

उलटा मार्ग, म्हणजे 'व्ह' ठेवून स्वर बदलायचा, हा जास्त कोरडा लागतो: गिव्ह, हॅव्ह, सेव्ह, अलाइव्ह. ओळीच्या टोकाला यांच्यावर विसंबू नका, ओळीच्या पोटात मात्र ते छान काम करतात. तुमच्या ओळीत 'हॅव्ह', 'गिव्ह', 'लव्ह' असे तीन 'व्ह' आधीच आहेत. ती ओळ म्हणूनच कानाला बांधलेली वाटते, तिला हात लावू नका.

आता आधीची ओळ. तुमच्या ओळीत सात अक्षरं आणि चार ठोके आहेत: ऑल, हॅव्ह, गिव्ह, लव्ह. त्याच मापात:

रेंट इज ड्यू अँड टाइम्स आर टफ,
ऑल आय हॅव्ह टु गिव्ह इज लव्ह.

ठोके रेंट, ड्यू, टाइम्स, टफ यांवर पडतात, म्हणजे माप तेच. 'टफ' पहिल्या ओळीत आणि 'लव्ह' दुसऱ्या ओळीत ठेवलाय तो मुद्दाम. ओढून आणलेला किंवा कमी जुळणारा शब्द आधी यावा आणि सहज येणारा नंतर. उलट केलं की दुसरी ओळ केवळ यमकासाठी घुसडल्यासारखी वाटते.

गाताना 'टफ'चा स्वर जरा ताणा. इंग्रजीत 'व्ह'आधीचा स्वर लांब आणि 'फ'आधीचा आखूड होतो, त्यामुळे 'टफ' तुटक पडतो आणि फरक उघडा पडतो. दोन्ही स्वर एकाच मात्रेचे धरले आणि शेवटचं व्यंजन हलकं सोडलं तर बहुतेकांना कळतही नाही. आपल्या लोकांनी आणखी एक बघावं: मराठीतला मूळचा 'फ' ओठ मिटून होतो आणि 'व' ढिला असतो. इथे दोन्हीला वरचे दात खालच्या ओठाला टेकलेच पाहिजेत, नाहीतर 'टफ' आणि 'लव' यांचं नातंच उरत नाही.

एवढ्यानेही भागलं नाही तर शब्द टोकावरून हलवा. 'लव्ह मी' केलंत तर 'अबव्ह मी' येतं. 'इन लव्ह अगेन' केलंत तर यमक 'अगेन'शी साधायचं, म्हणजे 'रेन' किंवा 'देन', जसा उच्चार कराल तसं. 'लव्हर' केलंत तर कव्हर, डिस्कव्हर, रिकव्हर ही पूर्ण यमकं मिळतात. टिटवीच्या कुळातला 'प्लव्हर'ही आहे, पण तो कुठल्या गाण्यात बसवाल देव जाणे. 'मदर', 'ब्रदर', 'अनदर' जवळचे. 'लव्ह हर' पटकन म्हटलं की 'ह' गळतो आणि तेही 'कव्हर'शी जुळतं. 'ओव्हर' मात्र इथे डोळ्यांपुरताच. आणि 'हॉव्हर'चं 'ऑफ'सारखंच: अमेरिकी उच्चारात 'हव्हर' होऊन जुळतो, ब्रिटिश उच्चारात नाही.