एआर पिस्तूल: ७.५ इंची बॅरल की १०.५ इंची?

एआर पिस्तूल म्हणजे एआर-१५ रायफलीचं आखूड बॅरलचं (नळीचं), खांद्याचा दस्ता नसलेलं रूप. अमेरिकेत आहात आणि काडतूस ५.५६ मिमीचं आहे, तर सरळ १०.५ घ्या. हे काडतूस एम-१६ या लष्करी रायफलीच्या २० इंची बॅरलसोबत वाढलेलं. ७.५ इंचांत काडतुसातली दारू पुरती जळायच्या आत गोळी बाहेर पडते. वेग घटतो, वर तोंडाशी जाळ आणि कान फाडणारा आवाज. (नेमबाजीच्या बंद रेंजवर शेजारचा मनातल्या मनात शिव्या घालतो.) तीन इंच वाचवायला एवढा खटाटोप कशाला?

आखूडच हवी असेल तर .३०० ब्लॅकआउट हे दुसरं काडतूस बघा, त्याला ९ इंच छान पुरतात. पण ती काडतुसं ५.५६ च्या काडतुसांत मिसळू देऊ नका, चुकून ५.५६ च्या बंदुकीतून झाडलं गेलं तर बंदूक फुटते.

आणि हो, १६ इंचांखालच्या बॅरलला खांद्याचा दस्ता लावायचा तर १९३४ च्या अमेरिकी कायद्याखाली (नॅशनल फायरआर्म्स ॲक्ट) आधी नोंदणी करावी लागते.