साठेखतवाला नोटीस लावून बसलाय, जमीन विकता येईल का?

प्रश्न : अंबड तालुक्यात आमची दोन एकर कोरडवाहू आहे. मार्च 2022 ला एकाला रजिस्टर साठेखत (पुढं जमीन विकायचा करार) करून दिलं, 4 लाख बयाणा घेतला. त्यात लिहिलंय, "मोजणी करून दिल्यानंतर सहा महिन्यांत खरेदीखत". मग तो फिरकलाच नाही. आता चांगलं गिऱ्हाईक आलं तर ह्यानं कोर्टात दावा टाकला अन लिस पेंडन्सची, म्हणजे जमिनीवर दावा चालू असल्याची, नोटीस पण रजिस्टर केली, गिऱ्हाईकाच्या वकिलानं रजिस्टर ऑफिसातल्या नोंदींचा सर्च काढला अन गिऱ्हाईक पळालं. पोरीचं लग्न तोंडावर आलंय. तीन वर्षं होऊन गेली, त्याचा हक्क संपला ना?
- एक वाचक, जि. जालना

उत्तर : भाऊ, मोजणी केली का ते तुम्ही लिहिलंच नाही, आणि सगळं तिथंच अडकलंय. मुदत कायद्यात 3 वर्षं आहेत खरी, पण खरेदीची तारीख ठरलेली असेल तर त्या तारखेपासून, ठरलेली नसेल तर तुम्ही नकार दिल्याचं त्याला कळलं तेव्हापासून. मोजणी झालीच नसेल तर त्याचा वकील म्हणणार, साहेब सहा महिने सुरूच झाले नाहीत, आणि मोजणी करून द्यायचं काम तर तुमचंच होतं!

साठेखतानं मालकी जात नाही, सातबारा तुमच्याच नावावर आहे. विक्री केली तर ती रद्दबातल पण नाही, फक्त दाव्याचा जो निकाल लागेल तो नव्या मालकाच्या उरावर बसतो, म्हणून कुणी हात लावत नाही. ही नोटीस रजिस्टर करायची पद्धत आपल्याकडं 1939 च्या मुंबई दुरुस्तीतून आली, 2010 ला सुप्रीम कोर्टानं संसदेनं आणि लॉ कमिशननं पण अशा दुरुस्तीचा विचार करावा असं सुचवलं होतं. तुम्हाला राग येईल पण त्या गिऱ्हाईकाचे पैसे तिच्यामुळंच वाचले.

मेव्हण्याच्या नावानं गुपचूप खरेदीखत करायचा सल्ला कुणीतरी देईलच, तो ऐकू नका. दावा चालू असतानाच्या विक्रीचा नियम मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 52 मध्ये आहे, त्यातच कोर्टाच्या परवानगीनं, कोर्ट घालील त्या अटीवर विक्री करता येते असं आहे, पण असा अर्ज फार कमी लोक करतात. बयाणा कोर्टात भरायची तयारी दाखवा, जज देतीलच असं नाही. दुसरं म्हणजे उरलेले पैसे द्यायची त्याची खरंच तयारी होती का, त्याचं पासबुक काय म्हणतं, हे वकिलाला लावून धरायला सांगा. नुसतं "पैसे परत घे अन सोड" हे स्पेसिफिक रिलीफ कायद्यातल्या (करार पाळायला लावायच्या कायद्यातल्या) 2018 च्या दुरुस्तीनंतर पहिल्यासारखं सोपं राहिलं नाही.

लग्नाची घाई असेल तर बसून मिटवलेलं बरं, बयाण्यावर दोन पैसे जास्त गेले तरी. पण पाचशेच्या बाँडवर सही घेऊन मोकळं होऊ नका, साठेखताचा रद्दलेख रजिस्टरच करा अन दावा काढून घेतल्याची पण नोंद लावा, नाहीतर पुढच्या सर्चमध्ये परत तेच निघणार. आणि मोजणीची पावती, क प्रत (मोजणीच्या नकाशाची प्रत), काय असेल ते पेटीतून आजच शोधून काढा.