भाजी घ्यायला जिना कशाला?

प्रश्न : आमच्या नव्या वस्तीत 1200 फ्लॅट आहेत, पण कोथिंबिरीच्या जुडीसाठीही गाडी काढावी लागते. दुकाने किती हवीत आणि कुठे?

1200 फ्लॅट म्हणजे साधारण 5 हजार माणसे. नगररचनेत एवढ्या लोकांमागे रोजच्या गरजेच्या दुकानांची एक छोटी बाजारपेठ धरतात. पण आकड्याइतकीच जागाही बघा. पाच-सात मिनिटांत, म्हणजे 400-500 मीटर चालून पोचता आले पाहिजे.

क्लॅरेन्स पेरी या अमेरिकन नियोजनकाराने 1929 मध्ये सुचवले, की दुकाने वस्तीच्या कडेला, चौकाजवळ ठेवावीत, म्हणजे शेजारच्या वस्तीचेही गिऱ्हाईक मिळते. चंदीगडमध्ये बाजाराचा रस्ता 800 बाय 1200 मीटरच्या सेक्टरच्या मधून जातो आणि तसाच पुढच्या सेक्टरात शिरतो. मांडणी निराळी, पण दोन्हीकडे दुकानदाराला एकाच वस्तीच्या भरवशावर राहावे लागत नाही. आपल्याकडे मात्र गेटच्या आत, क्लब हाऊसच्या मागे चार गाळे काढतात. बाहेरचा माणूस तिथे येणार कसा, आणि किराणावाला टिकणार कसा? तुम्ही बसथांब्यापासून घरापर्यंतच्या वाटेवर जागा मागा. पिठाची गिरणी आणि चप्पल शिवणारा यांनाही त्यात धरा. नेमके तेच आराखड्यातून सुटतात.

प्रश्न : आमच्या प्रभागात मोठा खर्च करून मंडई बांधली. ओटे रिकामे आणि विक्रेते समोरच्या रस्त्यावर! त्यांना शिस्त नाही असेच म्हणायचे ना?

नाही, माझे मत अगदी उलट आहे. अशी एक मंडई मी गेल्या पावसाळ्यात पाहिली. खाली पार्किंग, वर ओटे आणि मधे बावीस पायऱ्या. ओट्यांवर बोटभर धूळ. खाली फुटपाथवर ताडपत्रीखाली एक मावशी मेथी निवडत बसल्या होत्या. वर का बसत नाही, असे विचारले, तर म्हणाल्या, "ओटा आहे की माझा. भाडंपण भरते. पण बसमधून उतरलेली बाई पिशवी घेऊन जिना चढंल का? सहा ते आठात माल खपला तर खपला, नाहीतर पालेभाजी फेकायचीच."

दुकान कुठे चालते, हे त्या मावशींनी दोन वाक्यांत सांगितले. भाजी खरेदी जाता-येता होते. वाट जरा वाकडी करावी लागली, की गिऱ्हाईक पहिल्या पथारीशीच थांबते. पुण्याची महात्मा फुले मंडई 1886 ची. तिथे भाजीसाठी मजला चढावा लागत नाही आणि भोवती वर्दळीचे रस्ते आहेत. आजच्या इमारतीत आधी पार्किंग बसवतात, मग भाजीवाल्यांना उरेल ती जागा. पहाटे टेम्पो लावायला जागा नसते, पाण्याचा नळ कोपऱ्यात एखादाच. बायकांचे स्वच्छतागृह कुलूपबंद असेल, तर त्या दिवसभर पाणीच पीत नाहीत. हे मला फार लागते. प्रभाग कार्यालयाकडे मागणी करायची, तर तळमजला ओट्यांना आणि वरचा मजला गाड्यांना द्या, अशी करा. गाड्यांना रॅम्प चढवतो.

प्रश्न : मंडईसाठी आरक्षित भूखंड वीस वर्षे पडून आहे. आरक्षण कायम राहते का?

आपोआप जात नाही, पण धोका आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 127 प्रमाणे शहराचा विकास आराखडा लागू झाल्यापासून 10 वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाची पावले उचलली नाहीत, तर आरक्षण संपते. मालकाने नोटीस दिली आहे का, हे माहिती अधिकारात आजच विचारा.

प्रश्न : आम्ही वर्षानुवर्षे चौकात बसतो. नवी मंडई झाली म्हणून आम्हाला उठवतील का?

2014 च्या पथविक्रेता कायद्यानुसार सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणाला हटवता येत नाही. सर्वेक्षणात तुमचा चौक नैसर्गिक बाजार म्हणून, म्हणजे विक्रेते आणि गिऱ्हाईक वर्षानुवर्षे जमतात अशी जागा म्हणून नोंदला गेला, तर तो ना-फेरीवाला क्षेत्र, म्हणजे विक्रीला बंदी असलेली जागा ठरवता येत नाही. म्हणून सर्वेक्षणाच्या दिवशी गैरहजर राहू नका. जुन्या दंडाच्या पावत्याही जपून ठेवा, तुम्ही तिथे बसत होता याचा तो पुरावा असतो. नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले असतात आणि त्यांत एक तृतीयांश महिला. मंडईचा नकाशा मंजुरीला जाण्याआधी त्यांच्याकरवी मागवून घ्या आणि जिना कुठे आहे ते पाहा.