इस्राएल-पॅलेस्टाईनच्या भूमीचे खरे मूलनिवासी कोण, ज्यू की अरब?

दोघेही. पण तेवढ्यावरून जमीन कोणाची हे ठरत नाही.

ज्यूंचा दावा पोकळ नाही. इ.स.पू. १२०८ च्या सुमाराच्या एका इजिप्शियन शिलालेखात 'इस्राएल' हे नाव आहे. रोमनांनी इ.स. ७० मध्ये जेरुसलेमचं मंदिर पाडलं, तरी उत्तरेकडच्या गॅलिली प्रदेशात ज्यू वस्ती टिकून होती.

"अरब सातव्या शतकात वाळवंटातून आले" हे मात्र अर्धसत्य. तेव्हा राज्यकर्ते बदलले. आधीचे शेतकरी तिथेच राहिले, हळूहळू अरबी बोलू लागले, बरेचसे मुसलमान झाले. इस्राएलचे पुढे पहिले पंतप्रधान झालेल्या खुद्द बेन-गुरियन यांनी १९१८ साली लिहिलं होतं की तिथले शेतकरी बव्हंशी प्राचीन ज्यूंचेच वंशज आहेत! पुढे राजकारण तापलं आणि हा मुद्दा बासनात गेला.

जमीन कोणाची याचा प्रत्यक्षात निकाल कसा लागतो ते दक्षिण इस्राएलमधल्या नेगेव वाळवंटात दिसतं. बीरशेबाच्या उत्तरेकडच्या अल-अराकीबमधल्या जमिनीवर अल-उक्बी या बेदुइन (मूळच्या भटक्या अरब) कुटुंबाने हक्क सांगितला: पिढ्यान्पिढ्या आम्ही ती कसत होतो, १९५१ मध्ये आम्हाला तिथून हलवलं. इस्राएल सरकारने तुर्की ऑटोमन राजवटीतला १८५८ चा कायदा पुढे केला. गावाच्या टोकावरून मारलेली हाक जिथे ऐकू येत नाही ती 'मवात', म्हणजे मृत जमीन, आणि ती सरकारची. कोणी ती लागवडीखाली आणली असेल, तर १९२१ मध्ये तेव्हाच्या राज्यकर्त्या ब्रिटिशांनी दिलेल्या दोन महिन्यांत नोंद करायला हवी होती. नोंद नव्हती. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दावा फेटाळला. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या कुळाची गत आपल्याला वेगळी सांगायला नको.

याच नेगेवमध्ये, दिमोना आणि बीरशेबात, कोकणातून गेलेले मराठी बोलणारे बेने इस्राएल ज्यू राहतात. इस्राएलच्या १९५० च्या कायद्याने जगभरच्या ज्यूंना तिथे स्थायिक व्हायचा हक्क दिला. १९४८ मध्ये घरदार सुटलेल्या सुमारे सात लाख पॅलेस्टिनींना मात्र परतू दिलं नाही. मला खरा अन्याय इथे दिसतो. शिलालेख कोणाचा जुना, हा वाद त्यापुढे गौण आहे.

आणि ज्यूंना "युरोपात परत जा" सांगणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं की इस्राएलमधले लाखो ज्यू इराक, येमेन, मोरोक्कोतून आलेल्यांची मुलं-नातवंडं आहेत. त्यांच्या बगदादमधल्या घरांत आता दुसरेच लोक राहतात.